तीन टिंबं

शारजा, रोला, सातवा मजला.
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय
आणि मी दुसऱ्याच्या कोडला
नावं ठेवत नाही, प्रकार लिहिते.

लायब्ररी भरती-ओहोटीची.
लिहिणाऱ्याच्या जागी नुसतं 'खोरफक्कान',
शेवटचा बदल आठ वर्षांपूर्वीचा.
चालते मात्र अजून. आमच्या कंपनीच्या निम्म्या लाँची
तिच्या भरवशावर धक्क्याला लागतात.

पण ती काही सांगत नाही.
पाण्याची खोली मागावी, तर कधी आकडा देते,
कधी तोच आकडा अवतरणचिन्हांत, अक्षर होऊन.
तारीख कशीही द्या, म्हणते चालेल.
आपल्याकडच्या पाहुण्यासारखी:
चहा? चालेल. कॉफी? चालेल.
आणि कप तसाच गार होतो.

मग मी एकेक फंक्शन उघडते, आत वाकून बघते
आणि बाहेर, वेगळ्या फाइलीत, लिहिते:
हे घेतं बंदराचं नाव, अक्षरात.
हे घेतं तारीख. तारीखच.
हे परत देतं मीटर, दशांशासकट.
खरं काम सगळं तिकडे;
माझ्याकडे दर ओळीच्या शेवटी
फक्त तीन टिंबं.

थकले की बोट 'काहीही'कडे वळतं.
'काहीही' लिहिलं की तपासणारा प्रोग्रॅम गप्प बसतो.
पाच ठिकाणी लिहिलंय. लाज वाटते, पण आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे दाऊद परकार, दाभोळचे,
तीस वर्षं इथल्या खाडीवर टॅली क्लार्क.
पेटी न फोडता तिच्या अंगावर लिहायचं:
काच, खजूर, फ्रीजचे कॉम्प्रेसर.
"चुकीचा लिवलास तर पेटीला काय व्हत नाय गो,
उचलणाऱ्याची कंबर जाते."
आणि आत काय ते माहीतच नसेल तर?
ते हसले. "जनरल गुड्स."

गुरुवारी फाइल सगळ्यांसाठी मोकळी केली.
कुणीही घ्या, कुठेही लावा.
शुक्रवारी पहाटे मोंतेविदेओहून
कुणा ग्रासिएलाच्या दोन ओळी:
'दोनशे बारावी ओळ पाहा.
काही दिवशी दुसरी भरती मध्यरात्रीपलीकडे सरकते.
त्या तारखेला ती नसतेच.'

मी पाहिलं. खरंच नसते.
बावीस तारखेला आमच्याच धक्क्यावर नव्हती,
आणि मी लिहून ठेवलं होतं, ती परत येणारच. ठामपणे.
तिथे आता आहे: वेळ, किंवा काही नाही.
खाली श्रेय तिचं, पूर्ण नावासकट.

लिफ्टमध्ये परकारांना हे सांगितलं.
हातात खुबूसची पिशवी, त्यांनी नीट ऐकलं.
"मिळता काय याचा तुला?"
काही नाही.
"बरां," म्हणाले, आणि तिसऱ्यावर उतरले.

बादली भरत आलीय.
'काहीही' अजून पाच.
त्यातलं एक, वाऱ्याच्या दिशेचं,
आज सुटेल बहुतेक.