येणं-जाणं दाखवा

राजारामपुरीतून आणलेला जुना लॅपटॉप,
बटणांवर देवनागरीचे स्टिकर,
एक बटण निघालेलं. ल आणि ळ दोन्ही त्याच्याच बरोबर गेले.
धैर्यशील म्हणाला, म्हणजे वहीत लिहून म्हणाला,
हल्ली माझ्याशी सगळे वहीतच बोलतात:
काका, याला माऊस लागत नाही.
बरं झालं.
सव्वीस वर्षं ग्राइंडर धरलेल्या हातांना
एवढंसं काही धरवत नाही.

काळा पडदा. डावीकडं तळाला
एक पांढरी वीट, उघडझाप करणारी.
सर्व्हरचा पत्ता घातला. पोर्ट सहा सहा नऊ सात.
मग त्यानं विचारलं, नाव?
निवास, मी टाइप केलं.
हे नाव दुसऱ्या कुणाकडं तरी आहे, असं उत्तर आलं.
असणारच.
शिरोलीच्या कारखान्यात तीन निवास होते,
एक क्रेनवाला, एक कँटीनचा उधारीवाला
आणि फेटलिंगमधला मी.
शेवटी नावाला एक आडवी शेपटी लावली,
तेव्हा आत घेतलं.

खोलीच्या नावाआधी जाळी काढायची असते,
दोन रेघा उभ्या, दोन आडव्या.
ही मी ओळखली.
वाळूची चाळणी.

हे सगळं एका फाईलीत लिहून ठेवायचं,
आणि फाईलीच्या नावाआधी टिंब दिलं
की ती दिसेनाशी होते, जागेवरच असून.
धैर्यशील हे मोठ्या कौतुकानं लिहून दाखवत होता.
मला लग्नातली खुर्ची आठवली,
पंख्याखालची, कोपऱ्यातली,
लांबून हात हलवून पुढं जाणारी माणसं.

पहिल्या रात्री बाळगोंडा भेटला.
इचलकरंजीत मागावर त्याचे कान गेले,
माझे कास्टिंगच्या कडा घासताना.
त्यानं लिहिलं, काय करालैस?
चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
वहीत कोण लिहितं काय करालैस?
वहीत लिहितात, गोळी घेतली का.
वहीत लिहितात, गॅसवाला येऊन गेला.
मी उत्तर दिलं: बसोय, बागोंडा.
ल नाही, ळ नाही. त्याला कळलं.

तिसऱ्या दिवशी धैर्यशील वैतागला.
अमका आला, अमका गेला, तमक्याची लाईन तुटली,
निम्मा पडदा यातच जातोय, काका.
एक कमांड आहे, सगळे हेच करतात,
दाबून टाकू, नुसतं बोलणं राहील.
त्याची बोटं बटणांवर गेलीसुद्धा.
मी वही ओढली. नको, असं लिहिलं.
एवढंच तुटक दिसायला लागलं
म्हणून खाली आणखी लिहिलं:
कडी वाजल्यागत वाटतं रे.
तो वहीकडं बराच वेळ बघत राहिला.
मग फाईलीतली ती ओळ
त्यानं मलाच टाइप करायला लावली.

साडेबारा झाले.
घरातली कधी झोपली, पत्ता नाही.
बाळगोंडा गेला.
मेहबूब आला, दम्मामहून, आमचाच जुना मोल्डर.
मेहबूबची लाईन तुटली.
मेहबूब आला.
बराच वेळ कुणीच काही लिहीत नाही.
मेहबूबची लाईन तुटली.
मेहबूब आला.
बस गा, मी लिहितो.
चहा ठेव, म्हणतो.