सातनंतर

स्वयंपाकघरात दिवा अजून बारीकच ठेवतात,
नेस्टला उजेड सोसत नाही.
मागच्या मोसमात, ब्रेकनच्या मैदानात,
रग्बीच्या त्या एका धडकेत
डोकं मागे गेलं तिचं,
बिजागरी निखळलेल्या फाटकासारखं.

आता तीच धाकटीच्या कपाळावर तळवा टेकवते:
ढकल.
हेलेद ढकलते. मान जागची हलत नाही,
कानामागची शीर तेवढी ताठते.
दहापर्यंत मोजायचं. मग डावीकडून, उजवीकडून,
मग मागून, जिथे न्हाताना
आपलाही हात कधी रेंगाळत नाही.

सातनंतर नेस्ट अडखळते.
पुढचा आकडा सापडत नाही.
हेलेद दात आवळून तशीच,
सांगत नाही.

बाहेर मेंढ्या ओल्या भिंतीला अंग घासतात.

आठ, म्हणते नेस्ट.

हेलेदच्या शाळेच्या शर्टाचं
वरचं बटण
हल्ली लागत नाही.