शेवटची मोजणी

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत
उगवण खोली माझ्याकडे आहे.
ओल्या कागदात शंभर दाणे, गुंडाळी, वर पेन्सिलनं तारीख.
कापसाची पहिली मोजणी चौथ्या दिवशी, शेवटची बाराव्या.
आधी उघडायचं नाही.
उघडलं तरी काही वाचता येत नाही.
नव्या पोरांना हे मीच शिकवतो.

आणि मीच
सेलूच्या लग्नाहून परतल्यापासून
रोज रात्री दोन वाजता स्वतःला उघडून बघत होतो.

फाटलेलं तिनं आधी पाहिलं.
दोघंही काही बोललो नाही.
पहाटे ड्रोनची बॅग खांद्याला लावून ती गेली,
फोटोवाल्यासोबत, पुढच्या लग्नाला.
द्वारका. आडनाव विचारायचं राहिलं.

घसा खवखवला तर वाटलं, हेच ते.
लग्नातली मिरचीची भजी आठवलीच नाहीत.
जबड्याखाली, काखेत बोटं दाबून दाबून
गाठ नव्हती तिथं दुखायला लागलं.
थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच्या वर जाईना
म्हणून दुसरा आणला.
गिलास वेगळा केला. टॉवेल वेगळा.
भाचीचा पापा घेणं बंद.
आई म्हणाली, कामून रे मुंज्या,
आमचा विटाळ व्हायलाय का तुला?

पाचव्या दिवशी सिव्हिल.
त्या खोलीसमोरून तीनदा गेलो,
तिन्ही वेळा एक्स-रे कुठंय म्हणून विचारलं.
चौथ्यांदा नसीम मॅडमच म्हणाल्या,
एक्स-रे नाही काढायचा तुला. ये, बस.

तारीख विचारली, रेशन कार्डावरची विचारावी तशी.
बोटांवर मोजलं.
"बहात्तर तासांच्या आत यायचं होतंस,
गोळ्या असतात अठ्ठावीस दिवसांच्या. ती वेळ गेली.
आता ऐक.
तिला आहे, हे तुला कुणी सांगितलं?
आणि असलं तरी एका वेळेत लागण व्हायची शक्यता
कमी असते, फार कमी. शून्य म्हणणार नाही मी.
आजचं रक्त त्या रात्रीच्या आधीचंच सांगेल.
दीड महिन्यानं ये. मग तीन महिने भरल्यावर.
तोवर रक्तदान नाही, आणि निरोधाशिवाय कुणी नाही.
गिलासानं होत नाही. टॉवेलानं होत नाही.
लेकराचा पापा घे."

आणि निघालंच तर?

"तर रोज गोळी.
माझ्याकडं अठरा वर्षांपासून येणारी माणसं आहेत.
दोघांच्या नातवंडांच्या बारशाला जेवले मी."

मग पेनाचं टोपण लावता लावता,
"आणि ती रे? तिला कोण सांगणार?"

हे माझ्या डोक्यातच नव्हतं.
इतक्या रात्री मी तिला नुसता रोग समजून झोपलो होतो.
झोपलो तरी कुठं म्हणा.

फोटोवाल्याकडून नंबर काढायला अकरा दिवस लागले.
त्यातले नऊ माझे.

ती म्हणाली, "मी गेले होते.
दुसऱ्याच दिवशी, परभणीला. गोळ्या चालू आहेत.
मळमळतं, पण मळमळत मळमळत दोन लग्नं शूट केली."
कामून पण, मी विचारलं, इतक्या घाईनं?
"तू कोण, कुठला, कुणाकुणाकडं जातोस,
मला काय माहीत?
तुझी भीती होती मला."

फोनवर मागं बँडवाले तालीम करत होते.
मी गप्प.
माझ्याकडून कुणाला काही होऊ शकतं
हे पहिल्यांदा कुणी इतकं सरळ सांगितलं,
आणि का कोण जाणे, घसा मोकळा झाला.

आडनाव विचारलं. सांगितलं तिनं. इथं लिहीत नाही.

दीड महिन्याचा कागद बरा आला.
"बरा" हा माझा शब्द,
मॅडम म्हणाल्या, पुढचा येईपर्यंत
पेढे आणू नकोस.

आज एकोणऐंशीवा दिवस.
सकाळी तुरीची गुंडाळी उघडली, ब्याण्णव उगवले.
आईनं गिलास एकत्र घासले, काही बोलली नाही.
भाचीनं उष्टी बोरं माझ्या तोंडात कोंबली.
खाल्ली.
अजून अकरा दिवस.