सील न फोडलेली बाटली

बसलिंगअण्णा, ही बाटली परत घ्या.
सील बघा, तसंच आहे.
पावती नाही. खोटं कशाला बोलू,
मंद्रूपच्या बाजारात पिशवीतले चार टोमॅटो फुटले,
त्यांच्या रसात विरघळली.

तुम्ही म्हणाला होता, तीन दिवसांत रान साफ.
साफच करायचं असतं
तर पंधरा गुंठ्यांत झेंडू कशाला लावला असता मी?
सोळा ओळींमागं एक ओळ.
सासूबाई म्हणाल्या, दसऱ्याला होतील फुलं.
दसऱ्याआधीच गिऱ्हाईक आलं त्यांना:
पतंगाची मादी टोमॅटो सोडून पिवळ्यावर बसली,
अंडी तिथंच घालून मोकळी झाली.

पाच सापळे टांगलेत.
रबराच्या एवढ्याशा बुचाला
नसलेल्या मादीचा वास,
आणि नर येतात रात्रभर.
सकाळी मी मोजते, मल्लूच्या पाढ्यांच्या वहीत लिहिते:
सोमवार तीन. मंगळवार पाच. बुधवार सहा.
गुरुवार कोरा, मल्लूला ताप होता.
शुक्रवार अकरा.

अकराला मी घाबरले, अण्णा.
त्याच भीतीनं तुमच्या दारात आले,
साडेआठशे मोजले.

पंपात पाणी भरलं. तोंडाला पदर बांधला.
झाकणावर हात ठेवला
आणि शेंड्याला दिसली
एक अळी, उलटी लोंबणारी,
मागच्या पायांनी पान धरून, डोकं खाली,
काळी. बोट लावलं तर नुसतं पाणी.
पुढच्या झाडावर दुसरी.
मग बांधापर्यंत बघत गेले.
माझ्याआधीच कुणीतरी येऊन गेलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, रोगालाच रोग लागलाय गं.
निंगप्पा शेतीशाळेत जाऊन आलेला, त्यानं रीत सांगितली:
मेलेल्या वेचायच्या, ठेचायच्या,
फडक्यातून गाळायच्या,
गूळ घालायचा, आणि चमचाभर नीळ.
नीळ कशाला?
उन्हानं त्यातला रोग मरतो म्हणे, त्याला सावली पाहिजे.
सासऱ्यांच्या धोतराची नीळ, तीच.

वास असा सुटला की ओसरीवरचं मांजर उठून गेलं.
दिवेलागणीला फवारलं.
हात दोन दिवस निळे होते,
मल्लू म्हणाला, आई, तू शाई प्यायलीस का?

सगळं जमलं असं नाही.
चौथ्या कॅरेटला भोकं निघाली,
सोलापूरच्या यार्डात दलालानं ते पायानंच बाजूला सारलं,
भाव विचारायचं धाडस झालं नाही.
भोकाचे घरी आणले, चिरून,
अळीचा वाटा काढून, सार केलं.

पैसे परत देत नाही म्हणता? बरं.
मग ठेवा फळीवर, माझ्या नावाची.
उद्या वहीत काय आकडा पडेल, मला काय ठाऊक.
लागली तर येईन, सील माझ्याच हातानं फोडीन.
आधी पानं उलटून बघीन, एवढंच.

आणि शेजारचं किराणा तुमच्या भावाचंच ना?
दहाची नीळ द्यायला सांगा.