बाल

बाजारादिवशी म्हशींची रांग असते,
त्यात शेवंताक्का चांद्याला घेऊन उभी,
सुंभाची दोरी मनगटाला दोनदा गुंडाळून.
चांद्या गोल फिरतोय. डावीकडून. नेहमी डावीकडून.
फरशीवर नखांचा आवाज,
दोरी आखडत आखडत तिच्या कोपरापर्यंत आलेली.

डॉक्टर नवे, हावेरीकडचे.
खानापुरात येऊन दोन महिने झाले,
मराठी अजून चहापुरती.
मी कंपाउंडर. मधे उभं राहणं
हे माझं निम्मं काम.

“नायी?” त्यांनी रजिस्टर उघडत विचारलं.
“नाय कशी? हाय की, ह्यो काय समोर.”
अक्का, कुत्रं म्हणतायत ते.

मग ते म्हणाले, “बाल यावागिंद हिडितैति?”
शेपटी कधीपासून धरतोय, एवढंच.
तिनं पहिला शब्द तेवढा उचलला.
“बाळ व्हय? बाळ गेला की चाकणला, कंपनीत.
दिवाळी झाली आणि गेला.
फोन करतोय रोज,
खरं कुत्र्याला फोनवर काय कळतंय.”

मी डॉक्टरांना सांगितलं, दिवाळीनंतर.
उत्तर बरोबर होतं,
म्हणून चूक दुरुस्त केली नाही.

त्यांनी शेपटी उचलून बघितली,
केसांत उलटी बोटं फिरवली.
पिसवा नाहीत. गाठ नाही. जखम नाही.
बांधून किती वेळ? दिवसभर.
आधी फिरवायचं कोण?
हे मी मराठीत विचारलं, तरी अक्का
माझ्याकडे नुसती बघत राहिली.

माझा धाकटा म्हणतो, कुत्र्याला वाटतं
आपल्या मागं कुणीतरी चालतंय.
असेल.

तेवढ्यात चांद्याला शेपटी सापडली.
तोंडात धरून तो थांबला,
दुकानापर्यंत पळत जाऊन
काय आणायचं ते विसरलेल्या पोरागत.
रांग बघत होती. एक म्हैस रवंथ करायची थांबली.
मग त्यानं जबडा सैल केला
आणि शेपटी आपली आपण खाली पडली.

चिठ्ठी कन्नडमध्ये.
मागच्या बाजूला मी मराठीत लिहिलं:
गोळी रात्री, भाकरीतून.
संध्याकाळी फिरवणे, रेल्वे फाटकापर्यंत.
फाटक डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

“फाटकाजवळ तर तो जास्तच फिरतोय,”
अक्का दोरी सोडवत म्हणाली.
फिरू दे, म्हटलं.
पुढची म्हैस घ्या.