पाच फूट आठ

पाथर्डी फाट्याच्या या फ्लॅटला दार बसवताना
वाघचौरे मिस्त्रीनं विचारलं होतं,
"भोक कोणाच्या उंचीवर पाडू?"
हे दाराला नाक लावून उभे राहिले.
त्यानं डोळ्यासमोर पेन्सिलीची फुली मारली.

आता बेल वाजली की मी पाट शोधते.
चढेपर्यंत कुरिअरवाला अर्धा जिना उतरलेला,
नाहीतर निफाडहून द्राक्षं घेऊन आलेल्या नणंदेचं
भिंगात फक्त नाक.

"कोण?"
"मी." सगळेच म्हणतात.

मुलगा म्हणतो, खाली दुसरं पाडून घे.
बघू.

काल किल्ली आत राहिली.
टाचा उंचावून बाहेरून डोळा लावला.
आत ट्यूब चालूच होती,
मोहरीएवढा उजेड, लांबवर.
तो आतून कोणी झाकेल
म्हणून जरा थांबले.

मग वाघचौरेला फोन लावला.