लाल, लाल, पिवळा

ओग्वेनोच्या उजव्या हाताची दोन बोटं
आता एकमेकांना सोडत नाहीत.
जाळं ओढताना तो मनगटाला वेढा देतो
आणि त्याबद्दल माझ्याशी काही बोलत नाही.
तो दिवा मी जोडला होता.

जुन्या लॅपटॉपच्या पोटातले चार सेल,
पत्र्यावरचं सोलर पॅनल, मध्ये नुसता एक डायोड.
सकाळी लावायचं, दुपारी आठवणीनं काढायचं, इतकंच सांगितलं.
त्या दिवशी त्याची मुलगी तापानं फणफणली होती.
दुपार कोण आठवणार?
रात्री सरोवरात, ओमेनाच्या थव्यावर,
डबा आधी फुगला,
मग शिट्टी वाजावी तसा आवाज झाला
आणि त्यानं तो हातानं उचलून पाण्यात टाकला.
हातानं.

किसुमूहून तयार पट्टी मागवायची
तर तिच्यापेक्षा लाँचचं भाडं जास्त.
म्हणून मेलेल्या मोबाईल चार्जरांचा डबा उपडा केला.
त्यात हा मिळाला: मक्याच्या दाण्याएवढा, तीन पायांचा,
टीएल-४३१.
अडीच व्होल्ट म्हणजे किती
एवढं एकच त्याला जन्मापासून ठाऊक,
बाकी जगाशी देणंघेणं नाही.
वर निळा, करडा, लाल;
खाली तपकिरी, काळा, नारिंगी:
हे दोन रेझिस्टन्स चार पॉइंट दोनचे अडीच करून
त्याच्या कानात सांगतात.
तो मान हलवतो,
ट्रान्झिस्टर निरोप नेतो,
मॉसफेट दार ओढून घेतो.
सगळं मिळून साठ शिलिंग, त्यातले वीस सोल्डरचे.

दुपारी तीनला ते म्हणालं, पुरे.
आणि लगेच, बरं, थोडं चालेल.
पुरे. बरं. पुरे. बरं.
हिरवा दिवा पापणी फडफडावी तसा.
दार लागलं की सेल सुस्कारा सोडतो,
व्होल्ट केसभर उतरतात,
आणि तेवढ्या केसावर याचं मन फिरतं.
मला हसू आलं. मग आलं नाही.
पाच महिने मी रोज सकाळी
त्याच्या होडीपर्यंत जाते,
आणि मीठ विसरलं म्हणून परत येते.

ओबुरा सर म्हणाले, त्याला स्मरण नाही गं.
आत्ताच काय केलं ते त्याला कुणी सांगत नाही.
शेवटाकडून एक तार मागे फिरव,
सुरुवातीच्या कानात.
लाल, लाल, पिवळा.

फिरवली. फडफड थांबली,
पण रेघच वर सरकली: चार पॉइंट सत्तावीस.
स्मरण दिलं की निश्चय हलतो,
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, निदान माझ्या नव्हतं.
खालच्या रेझिस्टन्सला एक छोटा जोडला,
हिरवा, निळा, तपकिरी,
आणि मीटर धरून उन्हात बसले,
गळ टाकून बसावं तशी.
चार पॉइंट अठराला बंद.
सेल सुस्कारला. बंदच.
चार पॉइंट शून्य पाचपर्यंत
ते आपल्या शब्दावर राहिलं.

संध्याकाळी मीठ विसरले नाही.
ओग्वेनो होडीला डांबर लावत होता.
मी म्हणाले, चूक माझी होती.
तो डांबर लावत राहिला.
मग डबा घेतला, उलटा केला,
त्या जोडबोटांनी लाल-लाल-पिवळ्याला शिवला:
हा कशाला?
एकदा नाही म्हटलं, मी म्हणाले,
की थोडा वेळ तरी नाहीच राहावं म्हणून.
किती झाले?
साठ.
महाग आहे, म्हणाला,
आणि पानात बांधलेली ओमेना माझ्याकडे सरकवली,
साठच्या किती तरी वरची.

आज चंद्र नाही.
सरोवरावर दिव्यांचं गाव उठलंय.
त्याचा कुठला, मी दोनदा मोजून पाहिलं.
ओळखू येत नाही.
इतरांसारखाच दिसतोय.